एक्केचाळीस अर्जांची वाचक

माझ्या आत्याला जगात सगळ्यात प्रिय असलेल्या एक्केचाळीस कविता मी नष्ट केल्या. चुकून केल्या, पण माझ्या सहीने, तारीख घालून. त्याबद्दल कार्यालयाने मला प्रशस्तिपत्रक दिलं.

तर असं काही झालेलं नाही, असं धरून चालू. आत्या ठणठणीत आहे, कविता तळघरात आपापल्या फायलींत आहेत, आज गुरुवार आहे आणि ती माझ्या कार्यालयात यायला निघाली आहे. मी तिच्यासाठी खुर्ची पुसून ठेवतोय. खुर्चीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी जुनं टेलिफोन बुक सरकवलंय. सगळं कसं छान चाललंय.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडे मागच्या खोलीत राहते. तिने छत्तीस वर्षं पाणीपुरवठा कार्यालयात आवक खिडकीवर नोकरी केली. बाहेरचा कागद जिथून पहिल्यांदा आत शिरतो ती आवक खिडकी. कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, शिक्क्याच्या चौकटीत क्रमांक आणि तारीख लिहायची, अर्जदाराला पोच द्यायची. कागदात काय लिहिलंय ते वाचणं आवक कारकुनाच्या कामात येत नाही. आत्या वाचायची. घरातल्या सगळ्यांच्या मते तिच्या आयुष्याचं जे काही झालं ते या एका खोडीमुळे झालं.

ती चोवीस वर्षांची असताना खिडकीत एक अर्ज आला. अगदी रीतसर होता. डावीकडे समास, वर 'प्रति', मग 'विषय: नळाबाबत', आणि खाली:

महोदय,
आमच्या नळाला पाणी येते.
बाकी काही येत नाही.
चौकशी व्हावी.

आत्याने मान वर केली. खिडकीबाहेर बस कंडक्टरच्या गणवेशातला एक तरुण उभा होता. केस खांद्यापर्यंत, शर्टाला एकूण तीन बटणं.

"शिक्का मारणार ना?" त्याने विचारलं.

"त्याचाच पगार घेते," आत्या म्हणाली आणि मारला.

त्याने पोच घडी करून टोपीत ठेवली आणि तो गेला. अशा रीतीने एक कविता प्रकाशित झाली.

तो एकटा नव्हता. अशा पाच-सहा जणांनी मिळून स्वतःला 'अर्जदार' असं नाव दिलं होतं. एक कंडक्टर, एक रात्रपाळीची नर्स, एक शाळेतून काढून टाकलेला मास्तर, आणि बाकीचे कोणी ना कोणी. कविता छापायला त्यांचा विरोध होता. प्रकाशक म्हणजे दलाल, मासिक म्हणजे दवाखान्याबाहेरचा बाक आणि पुरस्कार म्हणजे गळ्यातला पट्टा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कविता फक्त अर्जाच्या रूपात लिहायची. कुठल्याही कार्यालयात, रांगेत उभं राहून, स्वतः द्यायची. आवक शिक्का पडला की ती प्रकाशित झाली. नक्कल ठेवायची नाही, नाव घालायचं नाही, सहीच्या जागी नुसतं 'अर्जदार', पत्ता मात्र खरा. ज्याला वाचायची असेल त्याने कार्यालयात यावं, फाइल मागावी आणि तिथेच बसून वाचावी. आणि मागणी कधीही मंजूर होता कामा नये, कारण मंजूर झालेली मागणी कविता राहत नाही, तिचा नळजोड होतो. हा जाहीरनामाही त्यांनी अर्ज म्हणूनच दिला होता. आवक क्रमांक बाराशे चार.

त्यांनी बाकी कार्यालयांतही प्रयत्न केले. टपाल खात्याने 'नीट लिहून आणा' म्हणून परत पाठवलं. विद्यापीठाने तर रांगेतच उभं राहू दिलं नाही. आत जाऊ शकले ते फक्त आत्याच्या खिडकीतून. त्यामुळे सगळी चळवळ, पहिल्या अर्जापासून शेवटच्यापर्यंत, पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात जमा झाली.

आणि तक्रार म्हटली की तिच्यावर कारवाई होते. निरीक्षक सायकल काढून कंडक्टरच्या घरी गेला आणि अर्जाच्या मागे शेरा लिहिला: 'पाहणी केली. नळाला पाणी येते. बाकी काय अपेक्षित होते याचा अर्जदाराकडून खुलासा मागवावा.' आत्याच्या मते ही त्या कवितेची पहिली समीक्षा. नर्सने लिहिलं होतं:

विषय: गळती.
आमच्या वॉर्डात रोज दोन माणसे गळतात.
आपण पाइप बदलता असे ऐकले.
एकदा येऊन बघून जावे.

त्यामागे त्याच निरीक्षकाचा शेरा होता: 'हे आपल्या अखत्यारीत नाही. तरी गेलो होतो. बघून आलो.' हा शेरा वाचताना आत्या दर वेळी चष्मा काढायची.

हे सगळं पाच वर्षं चाललं. मग मास्तरांनी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि बाकीच्यांनी त्यांना हाकलून दिलं. नर्स लांब कुठेतरी निघून गेली. कंडक्टरने केस कापले. एक्केचाळिसावा अर्ज शेवटचा. त्याचा विषय होता 'आधीच्या चाळीस अर्जांचे स्मरणपत्र', आणि खाली एवढंच: 'वाट पाहत आहोत. घाई नाही.'

त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या कविता एकाच माणसाने वाचल्या.

"कुणावर तरी जीव होता हिचा त्यांच्यातल्या," असं आई माझ्या लहानपणापासून म्हणत आली आहे. आत्याला मी एकदा विचारलंही.

"त्यांच्यातल्या एकाचंही तोंड मला आवडायचं नाही," आत्या म्हणाली. "मास्तरांना तर वास यायचा. मला कविता आवडायच्या. एवढं साधं कुणाच्या डोक्यात का शिरत नाही रे?"

तिने त्या कवितांसाठी काय केलं ते सांगतो. तिने बढती दोनदा नाकारली, कारण बढतीची खुर्ची दुसऱ्या इमारतीत होती. दर वर्षी मार्चमध्ये ती तळघरात जायची, एक्केचाळीस फायली काढायची आणि प्रत्येकीवर एक पिवळी चिठ्ठी लावायची: 'विचाराधीन'. निवृत्त झाल्यावर ती दर गुरुवारी बाहेरची माणसं भरतात तो फाइल पाहण्याचा अर्ज भरून तिथे वाचत बसायची, आणि मार्च आला की जो कुणी कारकून असेल त्याच्याकडून चिठ्ठ्या लावून घ्यायची. नवा कारकून कुरकुरला की त्याला जुन्या साहेबांच्या नकला करून दाखवायची. चिठ्ठ्या लागायच्या.

मग मी परीक्षा पास झालो आणि त्याच कार्यालयात अभिलेख कक्षात लागलो. जुनी कागदपत्रं जिथे ठेवतात ते तळघर म्हणजे अभिलेख कक्ष. आत्याला इतका आनंद मी पास झालो तेव्हा झाला नव्हता, जितका नेमणुकीच्या पत्रावर 'तळघर' हा शब्द वाचून झाला. पहिल्या गुरुवारी तिने मला समोर बसवलं आणि पहिली फाइल वाचायला दिली. मी खिशातून फोन काढला. मला वाटलं फोटो काढून ठेवावेत.

"ठेव तो आत," ती म्हणाली.

"अगं, एक प्रत असलेली बरी. उद्या उंदीर लागले तर?"

"उंदरांनी अर्ज करून वाचावं. फोटो काढलास की तू प्रकाशक झालास. मग दलाल आणि तुझ्यात फरक काय राहिला, शहाण्या?"

मी फोन आत ठेवला. त्या वर्षीच्या चिठ्ठ्या मी लावल्या. कशासाठी लावायच्या ते मी विचारलं नाही. मला वाटलं, लोक फोटोला हार घालतात, तसं काहीतरी असेल.

आता जे झालेलं नाही ते सांगतो.

आत्या न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या गुंगीत ती माझा हात धरून म्हणाली, "त्यांना कुणी उत्तरच दिलं नाही रे." दोनदा म्हणाली. मग झोपली.

मी हे वाक्य घेऊन कार्यालयात आलो. मला वाटलं, मला समजलं. पन्नास वर्षं ही बाई एका उत्तराची वाट बघतेय, आणि उत्तर द्यायचा अधिकार असलेला माणूस तिच्याच घरात, तिच्याच हातचा चहा पितोय. सोमवारी मी दार लावून बसलो आणि एक्केचाळीस अर्जांना एक्केचाळीस उत्तरं लिहिली. आयुष्यात मी इतकं मन लावून काही केलं नव्हतं. कंडक्टरला लिहिलं: 'आपल्या नळाला बाकी सर्व सोडण्यात येत आहे. भांडी मोठी ठेवावीत.' नर्सला लिहिलं: 'येत आहोत. दार उघडे ठेवावे.' शेवटच्या स्मरणपत्राला: 'उशिराबद्दल कार्यालय दिलगीर आहे. चूक आमचीच.'

उत्तराला जावक क्रमांक लागतो. तो आता संगणक देतो. आणि संगणक तो तेव्हाच देतो, जेव्हा आपण प्रकरणाच्या स्थितीसमोर 'निकाली' निवडतो. 'विचाराधीन' ठेवलं तर उत्तर पाठवताच येत नाही, कारण विचार चालू असताना उत्तर कसं देणार, असं संगणकाचं म्हणणं. मी एक्केचाळीस वेळा 'निकाली' निवडलं. पिवळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, कारण आता त्या खोट्या होत्या.

त्या महिन्यात तळघर रिकामं करायची मोहीम चालू होती, हे मला माहीत होतं. तीस वर्षांपेक्षा जुनी आणि निकाली निघालेली प्रकरणं लगदा कारखान्याकडे पाठवायची. यादी मागच्याच महिन्यात झाली होती, म्हणून मी निर्धास्त होतो. यादी रोज संध्याकाळी आपोआप नवी होते हे मला माहीत नव्हतं, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माहीत होतं. ते आपल्याला लागू होईल असं वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी उत्तरांचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेलो. आत्या उशीला टेकून बसली होती. गुंगी उतरली होती. परिचारिकेने तिला भोपळ्यासारखं गुंडाळलंय अशी तिची तक्रार होती.

"तुला काहीतरी वाचून दाखवतो," मी म्हटलं. आणि कंडक्टरचं उत्तर वाचलं.

ती हसली. हसताना खुबा दुखला म्हणून हात लावला आणि पुन्हा हसली. "भांडी मोठी ठेवावीत," ती म्हणाली. "बरं जमलंय की तुला. कुणी लिहिलं?"

"मी. रीतसर आहे. जावक क्रमांक आहे बघ."

मी नर्सचं वाचलं. ती हसली नाही. बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मला वाटलं, पोचलं. मी तिसरं काढलं.

"थांब," ती म्हणाली. "तळाला काय लिहिलंयस?"

"तुझा भाचा, कनिष्ठ लिपिक, सही."

"त्याच्या वर."

"प्रकरण निकाली."

"सगळ्यांवर?"

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. एका दिवसात. कारखान्यात असतो तर बोनस मिळाला असता."

"आज वार काय?"

"मंगळवार."

"अरे, त्या चिठ्ठ्या मी कशाला लावत होते?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणलीस विचारावं तसा. "विचाराधीन कागद फाडता येत नाही. अख्ख्या नियमावलीत तेवढी एकच ओळ त्यांच्या बाजूची होती. गाडी कितीला येते?"

गाडी मंगळवारी येते, हे तिला निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी माहीत होतं.

मी मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणजे आमच्या अभिलेख कक्षाच्या प्रमुख. दिवसभर कोमट पाणी पितात आणि कुणावर ओरडत नाहीत.

"अरे, मीच करणार होते फोन," मॅडम म्हणाल्या. "आपल्या कक्षाची प्रलंबित संख्या शून्य झाली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. साहेब म्हणाले, कोण हा मुलगा."

"मॅडम, गाडी आली का?"

"गेली की. अकराला. आज वेळेवर आली, कमाल आहे. तुझी एक्केचाळीस शेवटच्या पोत्यात बसली नेमकी, नाहीतर पोतं अर्धं जात होतं."

मी आत्याकडे बघितलं. तिला ऐकू गेलं होतं. मॅडमचा आवाज फोनमधून बाहेर येतो.

लगदा कारखाना शहराबाहेर आहे. मी रिक्षाने गेलो. तिथल्या माणसाने मला एका हौदाच्या कडेला नेलं. आत राखाडी घोळ संथपणे फिरत होता.

"यातले आमचे कुठले?" मी विचारलं.

तो माणूस चांगला होता. त्याने खरोखर वाकून बघितलं. "अंदाजाने सांगू का?" तो म्हणाला. "हे सगळं."

दवाखान्यात परत जायची माझी हिंमत झाली नाही. दोन दिवस मी आजारी असल्याचं कळवलं. मग सुचलं की कवींपैकी कुणाकडे कच्चा खर्डा असेल. नियम काहीही असो, माणूस चोरून एखादी नक्कल ठेवतोच. कंडक्टरचं नाव आत्याच्या बोलण्यात यायचं, त्यावरून बस आगारातल्या निवृत्तांच्या यादीतून मी त्यांचा पत्ता काढला. तिसरा मजला, जिन्यात सायकली. दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या आसपास वय, डोक्यावर एक केस नाही, सदऱ्याची बटणं सगळी लावलेली.

मी सगळं सांगितलं. ते ऐकताना ते कानामागे हात धरून बसले.

"पाणी खात्यात? हां, हां," ते म्हणाले. "केलं होतं असलं काहीतरी. जवान होतो, डोकं फिरलेलं. पण ते सगळं केरात गेलं असणार तेव्हाच."

"नाही. परवापर्यंत होतं."

"कुणी ठेवलं?"

"खिडकीतल्या बाईंनी. माझी आत्या. त्या दर गुरुवारी वाचायच्या."

"ती? जोरात शिक्का मारायची ती?" त्यांनी कानामागचा हात खाली घेतला. "ती वाचायची?"

"पन्नास वर्षं."

"आम्हाला वाटलं होतं की कुणीच वाचत नाही. तीच तर सगळी गंमत होती." त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला आणि परत ठेवला. "खर्डा नाही रे बाळा. सरळ लिहायचो आणि रांगेला लागायचो. माझे किती होते?"

"अकरा."

"अकरा?" ते म्हणाले. मग खाली बघत, एखाद्याने घरी काही निरोप आहे का विचारावं तसं विचारलं, "बरे होते का?"

मला सांगता आलं नाही. एक्केचाळीस उत्तरं मी लिहिली होती, पण ती लिहिताना माझं सगळं लक्ष माझ्या उत्तरांकडे होतं. कंडक्टरचे अकरापैकी मला दोन आठवत होते, त्यातला एक अर्धा.

"आत्याला विचारून कळवतो," मी म्हटलं. ते मान हलवत राहिले. मी जिना उतरेपर्यंत दार उघडंच होतं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो आणि आत्याला हे सांगितलं. मला वाटत होतं तिला बरं वाटेल. कवी भेटला, जिवंत आहे, विचारपूस करतोय.

"त्याला सांगायला नको होतंस," ती म्हणाली. "पन्नास वर्षं त्याला वाटत होतं कुणी वाचत नाही. आता कुणी वाचत होतं हेही कळलं आणि ते आता नाही हेही कळलं. एकाच दुपारी."

"तू चल ना त्यांच्याकडे. तूच सांग कसे होते ते. तुला तर सगळे पाठ असतील."

"पाठ आहेत. पण पाठ असलेलं माझ्या आवाजात येतं. नर्सचं अक्षर येत नाही. मागचा शेरा येत नाही. कंडक्टरने 'महोदय' खोडून पुन्हा 'महोदय' लिहिलं होतं, ते कसं म्हणून दाखवू?" ती भिंतीकडे वळायला गेली, पण खुब्यामुळे वळता आलं नाही. म्हणून तिने नुसते डोळे मिटले. "जा आपण आता. आपल्याला कामं असतील."

मी मागे वळून पाहिलं. दारात कोणी साहेब आले असतील असं मला वाटलं. दारात कोणी नव्हतं. 'आपण' मीच होतो.

तेव्हापासून ती मला आपण म्हणते. घरी येऊन तीन महिने झाले, वॉकर घेऊन चालते, भूक चांगली आहे. पण चहा झाला की "आपण घेणार का?" आणि मी कार्यालयाला निघालो की "आपण छत्री घेतलीत का?" अशी विचारपूस करते. बाबांनी तिला समजावलं. "अगं, पोर आहे, चुकलं, दोन शिव्या घाल आणि मोकळी हो." त्यावर आत्या म्हणाली, "चुकलं कुठे? अधिकृत उत्तर आहे. मी एक बाहेरची व्यक्ती. कार्यालयाला शिव्या कशा घालणार?" मी तिची माफी मागितली. तोंडी मागितली, पाया पडून मागितली. ती म्हणाली, "नोंद घेतली आहे."

प्रशस्तिपत्रक आईने चौकटीत घालून आणलं. मी ते कपाटामागे लपवलं. ते आत्याने काढून दिवाणखान्यात लावायला लावलं.

गेल्या आठवड्यात दुपारी मी घरी लवकर आलो. मागच्या खोलीतून आवाज येत होता. आत्या नर्सची कविता म्हणत होती. शेवटच्या ओळीपाशी थांबली. "बघून जावे," म्हणाली. मग "पाहून जावे." मग पुन्हा "बघून." मग पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली. मी दाराबाहेर उभा होतो. आत जाऊन 'बघून' असं सांगावंसं वाटलं, पण माझी तरी काय खात्री. निरीक्षकाने शेऱ्यात 'बघून आलो' लिहिलं होतं, म्हणजे कवितेतही 'बघून' असणार, असा मी हिशेब केला. पण शेराही मला तोंडपाठच होता, आणि माझ्या तोंडावर आता घरात कुणाचा विश्वास नाही. वर मी ज्या ओळी दिल्या आहेत त्या माझ्या आठवणीतल्या आहेत. आत्याने त्या तपासून द्यायला नकार दिला आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि स्वतःच्याच कार्यालयात बाहेरच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे सात जण होते. आवक खिडकीवर आता एक नवी मुलगी असते. ती मला ओळखते.

"तुम्ही आतून का नाही दिलं?" तिने विचारलं.

"रांगेतूनच द्यायचं असतं."

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "संगणकात कशाखाली टाकू? कमी दाब, गळती, नवा जोड, की इतर?"

"इतर."

"इतरला उत्तर जात नाही हं. ते असंच पडून राहतं."

"चालेल."

तिने शिक्का मारला. हळू मारला, हल्ली सगळे हळूच मारतात. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. मी फक्त पोच तिच्या उशाशी ठेवली आहे, तिच्यावर क्रमांक आहे. फाइल तळघरात आहे, तिथेच येऊन वाचावी लागेल, आणि जिन्याला कठडा आहे. कागदावर लिहिलंय ते असं:

प्रति,
मा. प्रमुख,
पाणीपुरवठा कार्यालय.

विषय: वेळ परत मिळण्याबाबत.

महोदय,
अर्जदार आपल्याच कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. गेल्या फेब्रुवारीतील तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, सकाळी दहा ते सायंकाळी साडेपाच ही वेळ अर्जदाराने कार्यालयीन कामासाठी वापरली. सदर वेळ अर्जदारास मूळ स्वरूपात परत मिळावी. बाकी कोणत्याही दिवसाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही व पुढे राहणार नाही. वेळ परत मिळाल्यास त्या संपूर्ण दिवशी अर्जदार आपल्या जागेवर, हात टेबलावर ठेवून, काहीही न करता बसून राहील, याची हमी देत आहे. तरी विनंती मान्य व्हावी.

अर्जदार